आधुनिक ट्रेनिंगमुळे स्नायूंच्या दुखापती घटल्या का?

‘जीपीएस, जिम, फिजिओ आल्यापासून अव्वल खेळाडूंचे स्नायू दुखावणं कमी झालंय,’ असं फिरत असतं. पटण्यासारखं वाटतं, पण युरोपातल्या अव्वल पुरुष फुटबॉल क्लबच्या नोंदी उलट सांगतात. २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या होत्या. २०२१-२२ मध्ये २४ टक्के. नुसता हा वाटा बघून भागत नाही, कारण इतर दुखापती घटल्या तरी तो वाढतो. म्हणून दर हजार तास खेळामागे किती, ते तपासावं. तोही आकडा वाढलेलाच आहे.

व्यायाम मात्र निरुपयोगी नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणी टाचा धरायच्या आणि अंग सावकाश पुढे झुकवायचं; हा नॉर्डिक व्यायाम नियमित केला की या दुखापती जवळपास निम्म्या होतात. बरेच क्लब तो नेमाने करतच नाहीत, आणि सामन्यातले स्प्रिंट मात्र वाढलेत.