तिसऱ्या महिन्यात टीएसएच तळाला: गरोदरपणामुळे की ग्रेव्ह्जमुळे?

गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्याचा रिपोर्ट म्हापशाच्या लॅबमधून मोबाइलवर येतो: टीएसएच (मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावायला सोडते ते संप्रेरक) ०.०५, म्हणजे फारच कमी, आणि फ्री टी४ (खुद्द थायरॉइडचं संप्रेरक) थोडा वर. घरात लगेच ‘थायरॉइड वाढलाय’ सुरू होतं आणि शेजारची कुणीतरी आपलीच गोळी सुचवते. (ती बहुधा कमी थायरॉइडची असते, म्हणजे आगीत तेल.) हाच रिपोर्ट दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो.

पहिलं कारण खुद्द गरोदरपण. वारेतून येणारं एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक आणि टीएसएच यांच्या रेणूंचा एक भाग तंतोतंत सारखा असतो. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास एचसीजी शिगेला पोचतं आणि थायरॉइडलाही कामाला लावतं; मग पिट्युटरी टीएसएच आखडता घेते. जुळं असलं किंवा उलट्या फार असल्या की हे जास्तच दिसतं. हुमणाच्या, म्हणजे माशांच्या आमटीच्या, नुसत्या वासाने मोरीकडे धावणाऱ्या, वजन उतरलेल्या बाईच्या रिपोर्टमध्ये माझा पहिला संशय याच्यावर. द्राक्षगर्भातही (वार द्राक्षांच्या घोसासारखी विचित्र वाढते तेव्हा) एचसीजी अफाट वाढतं, म्हणून सोनोग्राफी झाली नसेल तर ती आधी.

दुसरं कारण ग्रेव्ह्जचा आजार. यात शरीराच्याच अँटिबॉडी थायरॉइडला जास्त काम करायला सतत टोचत राहतात.

धडधड, घाम, थकवा यांवरून काही ठरत नाही. मे महिन्यात गोव्यात घाम कुणाला येत नाही? खरा उपयोग जुन्या गोष्टी विचारण्याचा: दिवस राहण्याआधीच वजन उतरत होतं का, हात थरथरत होते का, आई-बहिणीला थायरॉइड आहे का. मग पाण्याचा घोट गिळताना गळा बघायचा. पुढचा भाग फुगलेला वर सरकला, किंवा डोळे बटबटीत दिसले, तर ग्रेव्ह्जकडे झुकायचं. शंका उरली तर ट्रॅब ही अँटिबॉडीची रक्ततपासणी करतात. किरणोत्सारी औषध देऊन होणारा थायरॉइड स्कॅन गरोदरपणात करत नाहीत.

उपचारांत तर दोन टोकं. एचसीजीमुळे वाढलेल्या थायरॉइडला थायरॉइडविरोधी गोळी लागत नाही. सलाइन, उलटीचं औषध, थोडं थोडं खाणं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी; विसाव्या आठवड्याच्या आत फ्री टी४ बहुधा आपोआप खाली येतो. ग्रेव्ह्जमध्ये गोळी लागू शकते, आणि पहिल्या तिमाहीत कार्बिमॅझोलऐवजी प्रोपिलथायोयुरॅसिल निवडतात, कारण कार्बिमॅझोलमुळे बाळात व्यंग येण्याचा धोका जास्त. प्रोपिलथायोयुरॅसिल यकृताला त्रास देऊ शकतं, त्यामुळे तेही निर्धास्तपणे घ्यायचं नाही. शिवाय दोन्ही औषधं वार ओलांडून बाळाच्या थायरॉइडलाही आवळतात, म्हणून डोस कमीत कमी.

वार ओलांडतात त्या अँटिबॉडीही. कधीकाळी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) थायरॉइड काढून आता फक्त थायरॉक्सिन (थायरॉइडची उणीव भरून काढणारी गोळी) घेणाऱ्या बाईचा टीएसएच नॉर्मल असतो, म्हणून जुनं निदान सांगायचं तिला सुचत नाही. ऑपरेशन ग्रेव्ह्जसाठी झालं असेल, तर अँटिबॉडी रक्तात अजून असू शकतात. तिनं पहिल्याच भेटीत जुने कागद दाखवावेत. ट्रॅब जास्त निघाला तर बाळाच्या हृदयाचे ठोके आणि वाढ यांवर लक्ष ठेवावं लागतं.