गरोदरपणात इम्युनिटी बंद पडते? नाही, असं होत नाही

"बाळात निम्मे जीन्स वडिलांचे, म्हणून शरीराने त्याला परकं समजू नये यासाठी आईची इम्युनिटीच बंद होते" हे कित्येक वर्षं फिरतंय आणि ते वाचून गरोदर बायका लस घ्यायला घाबरतात याचं फार वाईट वाटतं. बंद असती तर धनुर्वाताची लस लागू पडलीच नसती, पण अँटीबॉडीज बनतात आणि वारेतून बाळापर्यंत पोचतात सुद्धा. (फ्लू जड जाऊ शकतो हे मात्र खरंय, म्हणून तर लस.)

खरं काम रेग्युलेटरी टी पेशींचं (इम्युनिटीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी), ज्यांच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं, त्या गर्भाशयात जमतात आणि बाळावरचा हल्ला रोखतात, बाकी शरीर जंतूंशी लढतच असतं. २००४ मध्ये उंदरांवर बघितलं, या पेशी काढल्या तर वेगळ्या जीन्सच्या नराची पिल्लं पोटात टिकत नव्हती.

आणि नवजात बाळाची इम्युनिटी "कच्ची" असते हेही अर्धवटच. २०१३ मध्ये उंदरांच्या पिल्लांत दिसलं की रक्तातल्या अर्धवट वाढलेल्या लाल पेशी इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवतात. त्या पेशी कमी केल्या तर पिल्लं इन्फेक्शनशी चांगलं लढली, पण आतड्यात नव्याने वसणाऱ्या बॅक्टेरियांमुळे सूज वाढली.