आधारची झेरॉक्स काढायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात आणि गर्दीत नीट सांगता येत नाही, मागे लाईन असते, नेट स्लो असतं, म्हणून हा कागद छापलाय. घरी नेऊन निवांत वाचा. आम्ही झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, सातबारा, भाडेकरार, डिजिटल सही अशी कामं करतो आणि गेल्या दोन-तीन वर्षांत या सगळ्याच कामांचे नियम बदललेत, फसवणुकीच्या तऱ्हा तर त्याहून जास्त बदलल्यात. आमचं म्हणणं एवढंच आहे की कागद दिसतो कसा याला आता किंमत राहिली नाही, तो ज्या ऑफिसनं दिला त्यांच्याकडून तपासता येतो का ते बघायचं, आणि आपला कागद दुसऱ्याला देताना कामापुरतंच द्यायचं.

दिसायला एकदम खरा

एप्रिल 2025 मध्ये लोकांनी चॅटजीपीटीला सांगून आधार आणि पॅनची खोटी कार्डं बनवून नेटवर टाकली होती, फोटो, अशोकस्तंभ, फॉन्ट सगळं जागच्या जागी. पूर्वी असलं काम करायला फोटोशॉप येणारा माणूस लागायचा, आता मोबाईल पुरतो. त्यामुळे भाडेकरू ठेवताना किंवा कामाला माणूस घेताना नुसतं कार्ड बघून "हां, आधार आहे ना, ठेवून घ्या" असं करू नका.

आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो असतो आणि त्यावर यूआयडीएआयची म्हणजे आधारवाल्यांची डिजिटल सही असते. साध्या स्कॅनरनं स्कॅन केलं तर लांबच लांब आकडे दिसतील, घाबरू नका, तो कोड यूआयडीएआयच्याच ॲपनं वाचायचा असतो. ॲपमध्ये आलेला फोटो आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे का बघितलं की झालं. उलट एखाद्या आधारवरचा क्यूआर स्कॅन केल्यावर तुम्हाला कुठल्यातरी वेबसाईटवर नेत असेल तर तिथेच थांबा, खऱ्या आधारच्या क्यूआरमध्ये लिंक नसते.

आणि एक, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. यूआयडीएआयनं डिसेंबर 2023 च्या परिपत्रकात तसं सांगितलंय आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानंही वय ठरवायला आधार न धरता शाळेचा दाखला धरला. नागरिकत्वाचाही पुरावा नाही, ते तर आधारच्या कायद्यातच लिहिलंय. हे ऐकून बरेच काका आमच्यावरच चिडतात. आधारची सुरुवात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली, 29 सप्टेंबर 2010 ला, तेव्हापासून इतक्या ठिकाणी मागितलं गेलं की लोकांना वाटतं यावरच सगळं चालतं. लहान मुलांच्या बाबतीत तर नीट लक्ष द्या, 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचा पासपोर्ट काढताना जन्मतारखेला फक्त जन्म दाखलाच चालतो. दाखल्यात नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर आत्ताच नीट करून घ्या, शाळेच्या ॲडमिशनच्या आदल्या दिवशी पळत येऊ नका.

झेरॉक्स देताना

आमचा धंदाच झेरॉक्सचा, तरी सांगतो, आधारची झेरॉक्स कमी वाटा. लॉज, सिमकार्ड, जिम, सोसायटीचं ऑफिस, सगळीकडे आपण देत सुटतो आणि तो कागद पुढे कुठे जातो कुणालाच माहीत नसतं. मे 2022 मध्ये आधारच्या बंगळुरूच्या ऑफिसनं झेरॉक्स देऊ नका असं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत मागेही घेतलं, लोकांचा उगाच गैरसमज होईल म्हणून. पण त्यात सांगितलेला मास्क्ड आधारचा पर्याय आजही आहे आणि चांगला आहे. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. माय आधारच्या साईटवरून डाऊनलोड करताना एक टिक करायची असते, बस. जिथे नंबर मागतातच तिथे 16 आकडी व्हर्च्युअल आयडी देता येतो, तो हवा तेव्हा बदलता येतो आणि त्यावरून मूळ आधार नंबर काढता येत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये आधारचं नवीन ॲप आलं, त्यात समोरच्याला काय दाखवायचं ते आपण ठरवू शकतो, म्हणजे नाव-फोटो दाखवायचा आणि पत्ता नाही. आम्हाला विचाराल तर गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात कामाची सोय आहे, पण वापरताना कुणी दिसत नाही.

प्लॅस्टिकचं आधार कार्ड आमच्याकडे छापून मिळणार नाही. रागावू नका. बाजारात छापलेल्या अशा कार्डांना सिक्युरिटी नसते म्हणून यूआयडीएआयनंच जानेवारी 2022 मध्ये ती वापरू नका असं सांगितलंय. त्यांच्या साईटवरून पीव्हीसी कार्ड मागवा, पोस्टानं घरी येतं. ऑर्डर आम्ही करून देऊ.

अंगठा

हे जरा नीट वाचा. आधारवरून बँकेतले पैसे काढायची सोय आहे, खेड्यात बँकमित्र मशीन घेऊन बसतो आणि अंगठा लावला की पैसे मिळतात, ओटीपी लागत नाही. याच्यातच चोरांनी वाट काढली. काही राज्यांत जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे आणि आधार नंबर उचलून, सिलिकॉनचा नकली अंगठा करून लोकांची खाती रिकामी केली. नंतर 2023 मध्ये अंगठा जिवंत माणसाचा आहे का हे मशीननंच तपासायची नवी पद्धत आली, त्यामुळे काम अवघड झालं, पण बंद झालं असं समजू नका.

उपाय फुकट आहे, बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारवरच्या आपल्या अंगठ्याला कुलूप. आधारच्या ॲपवरून किंवा साईटवरून लावता येतो. फक्त हे लक्षात ठेवा की लॉक असेल तर रेशन दुकानात अंगठा चालणार नाही आणि ऑनलाईन भाडेकराराच्या वेळीही चालणार नाही. आमच्याकडे मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार असे सगळे जमतात आणि ऐनवेळी एकाचा अंगठा लॉक निघतो, मग त्याला पासवर्ड आठवत नाही, मग ओटीपी जुन्या नंबरवर जातो, आणि सगळ्यांचा दिवस वाया. त्यामुळे करारासाठी येताना आधी अनलॉक करून या, काम झालं की परत लॉक करा.

डिजिटल सही आणि ती हिरवी टिक

डिजिटल सही म्हणजे सहीचा फोटो नव्हे. फाईलचं गणित करून एक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात, आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीनं बंद करतात. फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी गणित जुळत नाही आणि सही मोडते. लाखेची मोहर फोडली की कळतं ना, तसंच. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 पासून अशा सहीला हातानं केलेल्या सहीइतकाच मान आहे.

आता लोक काय करतात, पोर्टलवर दोनशे केबीची मर्यादा असते म्हणून सहीची पीडीएफ कुठल्यातरी फुकट साईटवर टाकून बारीक करतात, दोन फाईली जोडतात, किंवा प्रिंट काढून परत स्कॅन करतात. तिथेच सही गेली. सही बरोबर असल्याची हिरवी टिक दिसायला असते पण ती नुसतं चित्र. प्रिंटवरच्या टिकला तसाही काही अर्थ नाही, तपासायचं असेल तर मूळ फाईलच लागते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको. आणि ई-आधारचा, म्हणजे डाऊनलोड केलेल्या आधारच्या फाईलचा, पासवर्ड काढून टाकायला अनोळखी साईटवर फाईल टाकू नका, तुम्ही तुमचं आधार एका अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर ठेवून आलात असा त्याचा अर्थ होतो.

फाईल उघडल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर कागद खोटा आहे असं लगेच समजू नका, बऱ्याचदा आपल्या कॉम्प्युटरला ते सर्टिफिकेट ओळखीचं नसतं एवढंच. एकदा सेटिंग केलं की हिरवी टिक येते, पण ते करायच्या आधी सर्टिफिकेट कुणाचं आहे ते वाचा, डोळे झाकून ट्रस्ट दाबायचं नाही. फाईल दाखवा, आम्ही बघून देतो.

सातबाऱ्याचंही हेच. सरकारच्या भूलेख साईटवर फुकट दिसणारा सातबारा फक्त बघण्यापुरता असतो, तो घेऊन बँकेत गेलात तर परत पाठवतील. डिजिटल सहीचा वेगळा असतो, 15 रुपये सरकारी फी, त्यावर क्यूआर आणि पडताळणी नंबर असतो, त्यावर तलाठी भाऊसाहेबांचा शिक्का लागत नाही. जमीन घेताना समोरच्यानं दिलेल्या कागदावर विसंबू नका, तो नंबर टाकून स्वतः बघा, किंवा सरळ 15 रुपये भरून नवा काढा. लाखांच्या व्यवहारात लोक इथे का कंजुषी करतात आम्हाला खरंच कळत नाही.

धंदेवाल्यांसाठी: जीएसटी, टेंडर वगैरेला लागणारी डिजिटल सही आता क्लास 3 चीच मिळते, क्लास 2 जानेवारी 2021 पासून बंद झाली. ती यूएसबी टोकनमध्ये, म्हणजे पेनड्राईव्हसारख्या वस्तूत, येते आणि देताना तुमचा व्हिडिओ घेतात. टोकन आणि पासवर्ड दोन्ही अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची आपल्याकडे रीत आहे, ती सोडा. किल्ली सांभाळायची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 42 नुसार तुमची आहे, म्हणजे त्या टोकननं कुणी काही सही केलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार. आमच्याकडेही ठेवू नका. आम्ही ठेवून घेत नाही.

मृत्युपत्र डिजिटल सहीनं करता येत नाही, त्याला अजून कागद, पेन आणि दोन साक्षीदारच लागतात. कुणी ऑनलाईन करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

डिजिलॉकर

डिजिलॉकर म्हणजे मोबाईलमध्ये कागद ठेवायचं सरकारी ॲप, 2015 पासून आहे तरी अजून लोक विचारतात की पोलिसांना चालतं का. चालतं. लायसन आणि आरसी डिजिलॉकरमधून दाखवलेली मूळ कागदासारखीच धरायची असं केंद्रानं 2018 मध्येच राज्यांना कळवलंय. पण डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. इश्यूड मधले कागद थेट आरटीओ, बोर्ड, विद्यापीठाकडून येतात, त्यांनाच मूळ कागदाचा मान आहे. तुम्ही स्वतः फोटो काढून अपलोड केलेला कागद हा फक्त फोटो आहे, तो गॅलरीत ठेवा नाहीतर डिजिलॉकरमध्ये, फरक पडत नाही.

पुढे अजून काय काय येतंय. चिप असलेला ई-पासपोर्ट आला, सुरुवातीच्या ऑफिसांमध्ये आपलं नागपूर आणि गोवाही होतं. ब्लॉकचेनचाही, म्हणजे केलेली नोंद मागून गुपचूप बदलता येऊ नये अशा पद्धतीचाही, बराच गवगवा झाला, 2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले त्यावर टाकले गेले, म्हणजे नंतर कुणी दाखल्यात बदल केला तर पकडता यावा. कल्पना चांगली, पण दाखला देतानाच चुकीची माहिती भरली तर ब्लॉकचेन ती चूकच जपून ठेवणार, त्याला काय कळतंय.

नवा डेटा कायदा, आणि तुमच्या फाईलीचं आम्ही काय करतो

ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि मुख्य अटी त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत. तुमची माहिती कशाला घेतोय हे आधी साध्या भाषेत सांगायचं, मागितलं तर मराठीतही द्यायचं, कामापुरतीच माहिती घ्यायची, तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकायची, आणि डेटा फुटला तर तुम्हाला कळवायचं. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड 250 कोटींपर्यंत. आमच्यासारख्या दुकानाला कोटीबिटी काही होणार नाहीत असं कुणीतरी म्हणेल, पण कायदा छोट्यालाही लागतो.

आम्ही आत्तापासूनच सुरुवात केलीय. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेले कागद काम झालं की त्याच दिवशी फोनमधून आणि कॉम्प्युटरमधून डिलीट होतात, रिसायकल बिनमधूनही. त्यामुळे "मागच्या वेळी दिलं होतं ना, त्यातूनच घ्या" असं आता चालणार नाही, परत पाठवावं लागेल, थोडा त्रास होईल. बिघडलेल्या झेरॉक्स आम्ही फाडतो, रद्दीत किंवा भेळवाल्याकडे जात नाहीत. तुमचा ओटीपी तुम्हीच टाका, आम्हाला सांगू नका, कीबोर्ड तुमच्याकडे फिरवून देऊ.

लाडक्या बहिणींसाठी खास: सप्टेंबर 2025 मध्ये योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सुरू झाली तशा लगेच खोट्या वेबसाईट पण आल्या. या योजनेच्या सरकारी साईटच्या पत्त्यात शेवटी महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन असतं, ते नसेल तर आधार नंबर टाकू नका, लिंक शेजारच्या ताईंनी पाठवली असली तरी.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी साईटवर बघता येतं, आपलं नसलेलं तिथूनच बंद करायला टाकता येतं. फसवणुकीत पैसे गेले तर आधी सायबर हेल्पलाईनला म्हणजे 1930 ला फोन, मग बँक, मग आमच्याकडे या, तक्रार ऑनलाईन भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही. पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त असते, घरच्यांना कसं सांगायचं या विचारात संध्याकाळ करू नका.

दुकानात येताना आधारला जोडलेल्या नंबरचा मोबाईल सोबत आणा, चार्ज करून आणा, आणि त्या नंबरला रिचार्ज आहे ना ते बघा. नंबर बंद झाला असेल तर आमच्याकडे थांबून उपयोग नाही, तो आधी बदलून घ्यावा लागतो.