नवजात बाळाची शस्त्रक्रिया: मुक्काम किती, कागदपत्रं कोणती, मंजुरी कशी

बाळाचं ऑपरेशन ठरलं की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "घरी कधी सोडणार?" उत्तर आजारावर ठरतं. जांघेतल्या हर्नियाचं बाळ एक-दोन दिवसांत घरी जातं. अपुऱ्या दिवसांचं असेल तर भुलीनंतर श्वास मध्येच थांबण्याची भीती असते, म्हणून निदान रात्रभर मॉनिटरवर ठेवतात. शौचाची जागा तयार झालेली नसेल आणि पोटावर स्टोमा (शौच पिशवीत पडावं म्हणून आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड) काढला असेल, तर साधारण आठवडा. अन्ननलिका जोडलेल्या बाळाला पाच ते सात दिवसांनी डाय देऊन एक्स-रे काढतात. जोड गळत नाही हे दिसलं की मगच तोंडाने दूध. तिथे दोन ते चार आठवडे धरून चला. आतडी पोटाबाहेर घेऊन जन्मलेलं बाळ महिना-दीड महिना राहू शकतं. जखम लवकर भरते, पण आतडं दूध पचवायला वेळ घेतं. मध्येच जंतुसंसर्ग झाला तर अँटिबायोटिकचे दिवस वाढतात.

घरी सोडताना डॉक्टर तारीख बघत नाहीत. ऑक्सिजनविना श्वास, सलाइन बंद, पूर्ण दूध पोटात टिकणं, वॉर्मरबाहेर अंग उबदार राहणं आणि वजनाचा काटा रोज २०-३० ग्रॅमने वर सरकणं, हे सगळं जमलं पाहिजे. स्टोमा असेल तर पिशवी बदलणं आईच्या हातात बसेपर्यंत थांबवतात, आणि ते योग्यच आहे.

आता खर्चाकडे. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. खासगी किंवा ट्रस्टचं रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत असेल, तर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं. रक्कम मात्र पूर्ण कुटुंबाची आहे. आजोबांची अँजिओप्लास्टी त्याच वर्षी झाली असेल तर बाळासाठी उरलेलीच मिळेल.

दाखल झाल्यावर लगेच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसणारच, त्यावर अडू नका. आई किंवा वडिलांसोबत बाळाचा फोटो, जन्मदाखला, रेशनकार्ड आणि पालकांचं ओळखपत्र द्यावं लागतं. तातडीचं ऑपरेशन असेल तर फोनवरून योजनेची मंजुरी मागता येते, कागद नंतर द्यायचे. पण दोन-तीन दिवसांत द्याच.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. फाइलवर "बेबी ऑफ सुनीता" असतं, आधारवर आईचं माहेरचं आडनाव, रेशनकार्ड सासरचं आणि त्यात सुनेचं नावच चढवलेलं नाही. अशा वेळी वडिलांचं नाव ज्या कार्डावर आहे तेच लावा आणि फोटोही वडिलांसोबत काढा. दुसरी अडचण जन्मदाखल्याची. नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते. तालुक्याच्या दवाखान्यात जन्म आणि पुण्याला ऑपरेशन असेल, तर एका माणसाला त्या गावी पाठवा. २१ दिवसांच्या आत नोंदीला शुल्क नाही. नाव ठरेपर्यंत थांबू नका, नावाशिवायही दाखला मिळतो आणि नाव वर्षभरात विनाशुल्क चढवता येतं.

मुक्काम लांबला तर? शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरावीक रकमेचं असतं. दहाऐवजी पंधरा दिवस लागले म्हणून वरच्या पाच दिवसांचं बिल तुमच्या हातात देता येत नाही. एनआयसीयूतले (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले) काही उपचार मात्र दिवसांवर मोजले जातात. त्यांना वाढीव मंजुरी रुग्णालयानेच, वेळेत मागायची असते. "मंजुरी संपली, उद्यापासून पैसे भरा" असं कुणी म्हटलं तर आधी आरोग्यमित्राला विचारा, मग योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

योजनेत न बसणाऱ्या केसला मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. त्याच्या यादीत नवजात शिशूंचे आजार आहेत. अर्ज, आईचं आधार, रेशनकार्ड, १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खासगी रुग्णालय असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही. बाळ दाखल असतानाच अर्ज करा, डिस्चार्जनंतर भरलेल्या बिलाची परतफेड मिळत नाही. तहसीलचा दाखला यायला दिवस जातात, म्हणून तो पहिल्याच दिवशी मागा. ट्रस्टच्या रुग्णालयात याशिवाय १० टक्के खाटा निर्धनांसाठी राखीव असतात; तिथल्या समाजसेवकाला विचारा.

सल्ला डावलून बाळ घरी नेऊ नका. पुन्हा दाखल करायची वेळ आली तर मंजुरी पहिल्यापासून मागावी लागते.

निघताना डिस्चार्ज कार्ड तिथेच वाचा. निघतानाचं वजन, दर वेळचं दूध आणि औषध किती मिली, टाके व पिशवी, पुढची तारीख, हे सगळं लिहिलेलं हवं. ऑपरेशनच्या गडबडीत बीसीजी आणि पोलिओचा शून्य डोस राहून जातो, तोही पाहून घ्या. योजनेत डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांचा पाठपुरावा आणि औषधं, शिवाय घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. आपणहून विचारलं नाही तर ते बहुतेकांचं राहूनच जातं.