लायसन्स कीचा हिशोब आणि व्हेंडरवरचा भरवसा

लायसन्स की म्हणजे सॉफ्टवेअर घेतल्यावर मिळणारा आकडे-अक्षरांचा कोड, आणि ती सांभाळणं म्हणजे कुठली की कुठल्या मशीनवर चढलीये, कधी संपतेय, बिल कोणाच्या नावावर आहे याचा हिशोब ठेवणं. काम कारकुनी वाटतं. पण इंदूर-पीथमपूरकडच्या आयटीवाल्यांना विचारा, सर्व्हर बंद पडण्यापेक्षा रिन्यूअलची तारीख निसटण्याची धास्ती जास्त असते.

२००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हा कंपन्यांना दिलेल्या व्हॉल्यूम कीला (एकच की बऱ्याच मशीनसाठी) ॲक्टिव्हेशनच, म्हणजे की खरी असल्याची तपासणी, लागायचं नाही, त्यातली एक फुटली आणि जगभर फिरली, शेवटी सर्व्हिस पॅक १ मध्ये ती ब्लॉक केली. पुढच्या विंडोज व्हिस्टापासून मग केएमएस आलं, म्हणजे ऑफिसातलाच एक सर्व्हर बाकीच्यांना ॲक्टिव्हेट करतो. त्यासाठी ऑफिसात किमान २५ पीसी लागतात, आणि एकदा मिळालेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं, पुढे टिकवायला त्या सर्व्हरशी परत जोडावं लागतं, म्हणून सहा महिने बाहेरगावी फिरणाऱ्या सेल्सवाल्याचा लॅपटॉप एक दिवस अचानक कुरकुर करायला लागतो.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरला बहुतेक फ्लोटिंग लायसन्स असतं: दहा घेतली तर एकावेळी दहा जण, अकरावा थांबणार. ही लायसन्सं वाटणारी फाइल एका सर्व्हरवर असते, आणि बरेचदा त्याच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेली असते. पीथमपूरच्या एका कारखान्यात हा सर्व्हर म्हणजे स्टोअरच्या कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप होता, पावसाळ्यात वीज कडाडली आणि कार्ड उडालं, ड्रॉइंगवाले सगळे हात बांधून बसले. स्टोअरवाले काका म्हणतात, "अहो साहेब, की तर डायरीत लिहून ठेवलीये ना!" की होतीच हो, पण नवीन कार्डासाठी नवीन फाइल व्हेंडरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या, पोर्टलवरनं काढायची, आणि पोर्टलचं लॉगिन दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या मुलाच्या ईमेलवर. त्याला शोधून ओटीपी मागवण्यात तीन दिवस गेले. तेव्हापासून आम्ही खरेदी एका कॉमन ईमेलवरच करतो.

म्हणजे डायरीतली की हा अर्धाच माल, बाकीचा अर्धा व्हेंडरकडे. त्याच्याकडून चूक झाली की आपलं पैसे भरलेलं बिल काही कामाचं नाही: व्हीएमवेअरच्या ईएसएक्स ३.५ अपडेट २ मध्ये (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) बीटाची, म्हणजे चाचणी आवृत्तीची, एक्स्पायरी चुकून राहून गेली होती, १२ ऑगस्ट २००८ ला रीतसर लायसन्स असूनही बंद असलेल्या व्हर्च्युअल मशीन सुरू होईनात, लोकांनी घड्याळं मागे करून वेळ मारून नेली. याच व्हीएमवेअरला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉम कंपनीने घेतलं आणि महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद, यापुढे सबस्क्रिप्शनच. सोलरविंड्स या कंपनीचं तर वेगळंच, २०२० मध्ये उघड झालं की तिच्या ओरायन या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घुसखोरांचा कोड होता, आणि त्यावर डिजिटल सही कंपनीचीच, अगदी अस्सल.

स्वस्तातली "लाइफटाइम की" ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळते, ती बहुतेक कुणाच्या तरी व्हॉल्यूम करारातली असते आणि कधीही रद्द होते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, त्यामुळे लायसन्स तपासायला ऑडिटवाला आला की कीचा फोटो दाखवून भागत नाही, तो बिल मागतो.