छोट्या मिलिंगला कोणती टिप लावायची?

"सगळ्यात कडक टिप कुठली असेल ती द्या." टूलच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. टिप म्हणजे टूलला किंवा कटरला स्क्रूनं बसवायचा, धातू कापणारा कार्बाइडचा छोटा तुकडा. सोलापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ (यात माल फिरतो) आणि छोटं मिलिंग (यात कटर फिरतो) थाटून यंत्रमागाचे सुटे भाग करून देणारे आहेत, नोकरी संपल्यावर हौसेनं लोखंड कापणारेही आहेत. दुकानदार कडक टिप देतो. मग पहिल्याच जॉबला, म्हणजे कापायच्या मालाला, तिचे कोपरे उडतात आणि खापर फुटतं टिपेच्या कंपनीवर. टिप बहुतेक वेळा चांगलीच असते, चुकलेला असतो तो दुकानातला प्रश्न. टिप निवडताना आधी आपलं मशीन बघायचं, मग माल आणि सगळ्यात शेवटी कडकपणा.

कार्बाइडची टिप म्हणजे धातूचा अखंड तुकडा नव्हे. टंगस्टन कार्बाइडचे बारीक, अतिशय कठीण कण आणि त्यांना धरून ठेवणारं कोबाल्ट, राजगिऱ्याच्या लाडवात दाणे आणि गूळ असावेत तसं. ही पूड साच्यात दाबून १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. कोबाल्ट वितळून कणांच्या फटीत शिरतं आणि तुकडा आकसून घट्ट होतो. जर्मनीत ओस्राम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही कटिंगसाठी नाही, तर बल्बमधली टंगस्टनची तार ज्या बारीक भोकातून ओढतात त्या डायसाठी. हिऱ्याच्या डाय महाग पडत होत्या. पुढे क्रुप कंपनीनं 'विडिया' या नावानं हा माल बाजारात आणला आणि लेथवाल्यांचं जग बदललं.

कोबाल्ट कमी असेल तर टिप कडक पण ठिसूळ होते. जास्त असेल तर थोडी मऊ, पण धक्का सोसणारी. डबीवर हेच आकड्यात लिहिलेलं असतं: पी म्हणजे स्टील, एम म्हणजे स्टेनलेस, के म्हणजे बीड, एन म्हणजे ॲल्युमिनियम आणि पुढे १० किंवा ३० सारखा आकडा. आकडा लहान तेवढी टिप कडक, मोठा तेवढी चिवट. कार्बाइड दाब भरपूर सोसतं, ताण आणि हादरा सोसत नाही. मिलिंगमध्ये प्रत्येक दात फेऱ्यागणिक मालावर आपटतो. त्यातून टेबल हलकं, कॉलम बारीक आणि स्पिंडलचं (कटर फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग जुनं असेल तर तो दात थरथरतच कापतो. अशा मशीनवर पी १० लावणं म्हणजे पैसे ओतणं. पी ३० किंवा पी ४० घ्या.

आता धार. साच्यात दाबून केलेल्या टिपांची धार मुद्दाम किंचित गोल केलेली असते, म्हणजे ती तुटत नाही. ही गोलाई साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी असते. त्याहून पातळ कीस काढायला गेलात तर टिप कापत नाही, घासते. माल चकाकतो, मशीन ओरडतं, टिप तापते. छोट्या मशीनवरचा माणूस जपून, हळूच फीड देतो, म्हणजे टूल आणि माल एकमेकांकडे हळू सरकवतो, आणि नेमका याच सापळ्यात सापडतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारख्या कारखान्यातलं दणकट सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) जो कट सहज घेतं, तो आपल्या मशीनला झेपणार नाही हे सगळ्यांना कळतं. पण त्या कटासाठी बनवलेली बोथट धारही आपल्या कामाची नाही, हे पटकन लक्षात येत नाही.

म्हणून कोड वाचायला शिकावं. लेथच्या सीसीएमटी ०६०२०४ चं उदाहरण घेऊ. पहिला सी म्हणजे ८० अंशांचा चौकोनी हिरा. दुसरा सी म्हणजे धारेखाली ७ अंशांची मोकळीक. एम ही मापाच्या अचूकतेची श्रेणी, टी म्हणजे स्क्रूचं भोक आणि वर कीस तोडायची खाच. ०६ ही धारेची लांबी, ०२ म्हणजे २.३८ मिमी जाडी, ०४ म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मिमी. यातला तिसऱ्या जागेचा एम बदलून जी झाला, म्हणजे सीसीजीटी, की सहसा टिप ग्राइंड केलेली आणि धारदार असते. ती ॲल्युमिनियमसाठी म्हणून विकतात, पण हलक्या लेथवर एमएसचा (साध्या मऊ स्टीलचा) शेवटचा बारीक कटही ती देखणा काढते. फक्त जोराचा कट नको. दुसरं अक्षर एन असेल तर मोकळीक शून्य. सीएनएमजीसारख्या टिपा दोन्ही बाजूंनी चालतात म्हणून स्वस्त पडतात, पण त्यांना मागून रेटणारं भारी मशीन लागतं. घरी त्या नकोतच.

मिलिंग कटर घेताना मोह होतो तो मोठ्या व्यासाचा. जरा हिशोब करून बघू. ५० मिमीचा चार टिपांचा कटर, माल एमएस, कटिंग स्पीड (धार मालावरून जाण्याचा वेग) मिनिटाला १२० मीटर. आरपीएम येतात ७६० च्या आसपास. दर दाताला ०.१ मिमी फीड धरलं तर टेबल मिनिटाला ३०० मिमी सरकायला हवं. रुंदी ४० मिमी, खोली १ मिमी घेतली तर मिनिटाला १२ घन सेंटिमीटर लोखंड निघतं. याला कटरच्या टोकाशीच सुमारे अर्धा किलोवॉट लागतो. बेल्ट आणि गिअर खातात ते वेगळं. एक एचपीची मोटर इथंच दमली. मग हात आपोआप फीड कमी करतो आणि पुन्हा तीच घासाघीस सुरू.

यावर सोपा उपाय म्हणजे चारपैकी समोरासमोरच्या दोनच टिपा ठेवायच्या. टेबल मिनिटाला १५० मिमी सरकेल, कीस तितकाच जाड निघेल आणि मोटरवरचा भार निम्मा होईल. नवीन घेणार असाल तर २० किंवा २५ मिमीचा, दोन टिपांचा, एपीएमटी ११३५ कोडची टिप बसणारा कटर घ्या. गोल टिपांचे कटर कितीही आवडले तरी लांब ठेवा, ते जोर फार मागतात.

कट कुठल्या दिशेनं घ्यायचा यात मात्र खरी पंचाईत आहे. कार्बाइडला आवडतं ते क्लाइंब मिलिंग, म्हणजे दात जाड किसानं सुरू करून पातळ किसावर बाहेर पडतो. पण टेबलाच्या स्क्रूला ढिलाई असेल तर कटर टेबलच ओढून घेतो आणि टिपेसकट जॉब जातो. उलट दिशेला दात शून्य जाडीपासून, म्हणजे घासतच सुरू होतो. माझं मत विचाराल तर जुन्या मशीनवर उलटीच दिशा धरा, फीड पुरेसं द्या आणि टिपेची थोडी झीज सोसा. सरकवायचा नसलेला स्लाइड मात्र लॉक करा.

जुन्या मागाचा बिडाचा भाग असेल तर पहिला कट वरच्या कातडीखालून गेला पाहिजे. कातडीत वाळू अडकलेली असते, शिवाय ती कडकही असते. अर्धा मिलीमीटर घेऊन टिप तिच्यातूनच फिरवलीत तर धार बघता बघता जाते. दीड मिमी खाली उतरा.

पाण्याचं म्हणाल तर स्टील मिलिंगला कोरडंच बरं. ब्रशनं मधूनमधून कूलंट मारलं की तापलेली धार एकदम गार होते आणि तिला बारीक चिरा पडतात. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, पण टिपेला त्याचं काही नाही. किसाचा निळा रंगच तीनेकशे अंशांचा असतो. निळा कीस उडत असेल तर उष्णता जॉबात न शिरता किसाबरोबर बाहेर पडते आहे, घाबरू नका. ॲल्युमिनियमला मात्र थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल हवं, नाहीतर ते धारेला चिकटतं.

टिप बदलताना सीट फुंकून नाही, पुसून घ्या. खाली किसाचा एक कण राहिला तरी टिप अधांतरी बसते आणि पहिल्या हादऱ्याला तडकते. स्क्रू टॉर्क्सच्या, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या चावीनं, हाताला लागेल इतकाच आवळा. पाइप घालून नको.

आणि एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलची टूल, टाकून देऊ नका. तुमच्या मशीनचे जास्तीत जास्त आरपीएम सहाशे असतील आणि भोक १० मिमीचं करायचं असेल, तर कार्बाइडला हवी ती गती मिळतच नाही. तिथं हातानं धार लावलेलं एचएसएस सरस. ब्रेझ केलेल्या, म्हणजे टिप झाळून कायमची जोडलेल्या, कार्बाइड टूलला धार लावायची तर हिरवा सिलिकॉन कार्बाइड किंवा डायमंड व्हील वापरा आणि तोंडाला मास्क बांधा, त्या धुळीतलं कोबाल्ट फुप्फुसाला बाधतं. संपलेल्या टिपा वेगळ्या डब्यात साठवा. लोखंडाच्या जवळपास दुप्पट वजनाचा हा माल भंगारात किलोवर जातो. लोखंडाच्या ढिगात मिसळलात तर लोखंडाचाच भाव मिळेल.