गणनयंत्रे, आद्य यांत्रिक

दातेरी चाके, खटके आणि स्प्रिंगा यांच्या जुळणीतून बेरीज-वजाबाकी व पुढे गुणाकार-भागाकारही करणारी, हाताने चालवायची यंत्रे. एका स्थानाचा हातचा पुढच्या स्थानावर आपोआप नेणाऱ्या यंत्रांपुरतीच ही नोंद आहे. मणिचौकट, जॉन नेपिअर यांच्या गुणाकाराच्या पट्ट्या (१६१७) व लॉगरिथमवर आधारलेली सरकती पट्टी ही साधने हातचा वापरणाऱ्याच्या डोक्यावर सोडतात, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही. कालखंड ढोबळमानाने १६२३ पासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतचा.

हातच्याची अडचण : दहा दात्यांच्या चाकावर ० ते ९ आकडे कोरले आणि ते एकेक दाता फिरवले की एका स्थानाची मोजणी होते. चाक ९ वरून ० वर येताना शेजारच्या चाकाला एक दशांश फेरा, म्हणजे ३६ अंश, ढकलावे लागते. त्यासाठी चाकाच्या आसावर एकच दाता असलेली चकती बसवणे हा सर्वांत सोपा उपाय. तो नवा नव्हता. व्हिट्रूव्हिअस या रोमन स्थापत्यकाराने वर्णिलेल्या अंतरमापकात एकाच दात्याची चकती आहे.

प्रत्यक्षात अडचण येते ती ९९९९९९ मध्ये १ मिळवताना. सहाही चाके एकाच वेळी फिरवायची असतात आणि ते सगळे बळ एकांच्या चाकावरील बोटानेच पुरवायचे असते. शिवाय प्रत्येक दात्यामागे थोडी मोकळीक असते. ती साचत जाते आणि शेवटचे चाक दोन आकड्यांच्या मध्येच थांबते. मोकळीक मारायला प्रत्येक चाकावर स्प्रिंगचा खटका लावावा, तर तो उचलण्यासाठी आणखी बळ लागते. खटका सैल ठेवला तर आकडा चुकतो, घट्ट केला तर दाता मोडतो. या यंत्रांच्या रचनेत जे जे बदल झाले, त्यांतील बहुतेक या एका पेचातून सुटण्यासाठी झाले आहेत.

आद्य यंत्र कोणाचे? : लिओनार्दो दा विंची यांचे नाव या संदर्भात अधूनमधून घेतले जाते. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९६० च्या दशकात त्यांची दोन हस्तलिखिते पुन्हा प्रकाशात आली. त्यांतील एका आकृतीत तेरा चाकांची एक माळ आहे. रोबेर्तो ग्वातेल्ली यांनी १९६८ मध्ये तिच्यावरून गणनयंत्राची प्रतिकृती केली. मात्र आकृतीतील प्रत्येक चाक शेजारच्या चाकाशी १०:१ या प्रमाणात सतत जोडलेले आहे आणि आकड्यांवर थांबण्याची सोय त्यात नाही. हे बळ व वेग यांचे गुणोत्तर दाखवणारे चित्र असावे, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला व तोच सयुक्तिक वाटतो. तेरा चाकांची अशी माळ घर्षणामुळे एका टोकाकडून फिरवताही येणार नाही.

ट्यूबिंगेन येथील हिब्रूचे प्राध्यापक व्हिल्हेल्म शिकार्ड (१५९२–१६३५) यांचा दावा अधिक भक्कम आहे. २० सप्टेंबर १६२३ रोजी खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अकरा पूर्ण व सहा ‘तुटक’ चाकांचे यंत्र बनवल्याचे कळवले. २५ फेब्रुवारी १६२४ च्या पत्रात केप्लर यांच्यासाठी योहान फिस्टर या कारागिराकडे बनत असलेले दुसरे, अर्धवट झालेले यंत्र आगीत जळाल्याचा उल्लेख आहे. शिकार्ड १६३५ मध्ये प्लेगने वारले. त्यांचे एकही यंत्र उरलेले नाही.

ही पत्रे १९५७ मध्ये ‘सापडली’, असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. ते तितकेसे अचूक नाही. केप्लर यांचा पत्रव्यवहार १७१८ मध्ये छापला गेला तेव्हापासून यंत्राचा उल्लेख उपलब्ध होता. पण त्याची आकृती नसल्याने कोणी तिकडे लक्ष दिले नाही. केप्लर यांच्या समग्र लेखनावर काम करणारे फ्रान्झ हामर यांना १९३५ मध्ये पुलकोवो वेधशाळेतील केप्लर यांच्या कागदपत्रांत एक रेखाटन मिळाले. श्टुटगार्ट येथील ग्रंथालयात शिकार्ड यांचे दुसरे रेखाटन व कारागिरासाठीच्या सूचना होत्या. हे कागद शेजारी ठेवल्यावर यंत्राचा उलगडा झाला. १९५७ मध्ये हामर यांनी तो ओबरवोल्फाख येथील परिषदेत मांडला आणि १९६० मध्ये ब्रूनो फोन फ्रायटाग-ल्योरिंगहोफ यांनी चालणारी प्रतिकृती तयार केली.

यंत्राचे तीन भाग होते. वरच्या भागात नेपिअर यांच्या पट्ट्यांवरील आकडे सहा उभ्या दंडगोलांवर लिहिलेले असत आणि आडव्या पट्ट्या सरकवून हवी ती पट खिडकीत आणता येई. मधल्या भागात सहा स्थानांचे बेरीज-यंत्र होते. तळाशी मधला आकडा विसरू नये म्हणून तो लावून ठेवायच्या सहा खुंट्या होत्या. पत्रातील चाकांच्या संख्येचा अर्थ सर्वसाधारणपणे असा लावतात : सहा स्थानांची सहा चाके व त्यांच्यामधली पाच मिळून अकरा पूर्ण चाके, तर एकाच दात्याच्या सहा चकत्या ही तुटक चाके. मधली चाके नसती तर शेजारची आकडेचाके उलटसुलट दिशांना फिरली असती. सहावी चकती स्थाने संपल्यावर घंटा वाजवी. चाके उलटी फिरवली की वजाबाकी होई. ही सोय पुढे वर्णिलेल्या, फ्रेंच गणिती पास्काल यांच्या यंत्रात नाही.

शिकार्ड यांना पहिला मान देण्यावर फ्रेंच अभ्यासकांचा मुख्य आक्षेप हातच्याबद्दल आहे. हा सरळ एकदात्याचा हातचा असल्याने वर सांगितलेली, ९९९९९९ मध्ये १ मिळवताना येणाऱ्या हातच्यांच्या साखळीची अडचण येथे पूर्ण लागू पडते. सहाच स्थाने ठेवण्याचे कारण तेच असावे. प्रतिकृती चालते, पण तिचे दाते आजच्या अवजारांनी कापलेले आहेत. त्यामुळे मूळ यंत्र लांब साखळीतही चालत होते, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. कालक्रमाने शिकार्ड पहिले, याबद्दल आता वाद उरलेला नाही. मात्र त्यांचे काम पुढच्या कोणत्याही यंत्रकर्त्यापर्यंत पोचल्याचे दिसत नाही. यंत्रांची परंपरा पास्कालपासून सुरू होते.

पास्कालीन : ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) यांनी १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, रूआं येथे काम सुरू केले. वडील एत्येन नॉर्मंडीतील करआकारणीचे अधिकारी होते व त्यांच्या हिशेबांचा भार हे निमित्त होते. पास्काल यांच्याच म्हणण्यानुसार पन्नासच्या आसपास नमुने करून पाहिल्यावर १६४५ मध्ये पक्के यंत्र चान्सलर सेग्ये यांना सादर झाले. २२ मे १६४९ रोजी उत्पादनाचा राजकीय एकाधिकार मिळाला. एकूण सुमारे वीस यंत्रे झाली असावीत. आठ-नऊ टिकून आहेत. त्यांतील चार पॅरिसच्या कला व हस्तव्यवसाय संग्रहालयात आहेत, इतर क्लेरमों-फेरां व ड्रेस्डेन येथे.

पेटीच्या वरच्या बाजूस आरे असलेल्या तबकड्या असतात. हव्या आकड्याजवळच्या खाचेत टोचणी घालून जुन्या टेलिफोनच्या तबकडीप्रमाणे ती अडसरापर्यंत फिरवायची. फिरणे आत खुंट्यांच्या चाकांमार्फत आकड्यांच्या पिंपावर जाते व बेरीज वरच्या खिडकीत दिसते. साध्या यंत्रात सर्व चाके दहांची असत. हिशेबनिसांच्या यंत्रात मात्र उजवीकडची दोन चाके १२ व २० भागांची, कारण १२ दनिए म्हणजे १ सू व २० सू म्हणजे १ लिव्हर. मोजणीदारांच्या यंत्रात फूट-इंचांसाठी ६ व १२ भागांची चाके असत. रुपये-आणे-पैच्या हिशेबाला याच रीतीने १२ व १६ भागांची चाके लागली असती.

पास्काल यांची खरी करामत हातच्याच्या खटक्यात आहे. प्रत्येक स्थानाला एक वजनदार लोंबता दांडा असतो. चाक साधारण अर्ध्या वाटेवर आल्यापासून त्याच्यावरील खुंट्या हा दांडा हळूहळू उचलतात. ९ नंतर चाक ० वर येताच दांडा सुटतो, खाली पडतो आणि पडता पडता पुढचे चाक एका दात्याने लोटतो. म्हणजे हातचा देण्यासाठी लागणारे बळ आधीच्या फिरवण्यांतून थोडे थोडे साठवलेले असते. एकांच्या चाकावर सगळा भार येत नाही. कितीही स्थाने जोडली तरी साखळी चालते, दांडे उजवीकडून डावीकडे एकामागून एक पडत जातात.

या रचनेची किंमतही आहे. दांडा गुरुत्वावर चालत असल्याने पेटी सपाट ठेवावी लागते. हिसका बसला तर उचललेला दांडा अकाली पडून नसलेला हातचा जातो. आणि चाके उलटी फिरवता येत नाहीत, त्यामुळे वजाबाकी नवपूरकाने करावी लागते. पिंपावर आकड्यांच्या दोन रांगा असतात व समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज नेहमी ९. सरकपट्टीने एकच रांग उघडी ठेवायची. पाच स्थानांच्या यंत्रावर ५४३२१ मधून १२३४५ वजा करायचे असतील तर पूरक रांग उघडून तिथे ५४३२१ दिसेल असे लावायचे (तेव्हा झाकलेल्या रांगेत ४५६७८ असतात). मग १२३४५ नेहमीसारखे मिळवायचे. झाकलेल्या रांगेत ५८०२३ होतात आणि उघड्या रांगेत उत्तर दिसते : ४१९७६.

नवे गणित सुरू करताना सर्व खिडक्यांत ९ आणून एकांच्या स्थानी १ मिळवावा. सर्व स्थाने ० होतात. मधेच एखादे चाक अडले तर दोष त्याच्या लगेच उजवीकडच्या दांड्यात शोधावा. शून्य करणे आणि यंत्राची कठोर चाचणी ही दोन्ही कामे या एका कृतीत होतात.

रूआंच्या एका घड्याळजीने यंत्राची बाहेरून देखणी पण निरुपयोगी नक्कल केली, तेव्हा पास्काल यांनी १६४५ च्या आपल्या माहितीपत्रकात त्याबद्दल स्पष्ट तक्रार नोंदवली. ती रास्त होती, कारण या यंत्राचा कस बाह्य रूपात नसून दांडा नेमका केव्हा सुटतो यात आहे. यंत्र महाग राहिले व गुणाकारासाठी फारसे उपयोगी नव्हते. ३६५ × २४ करायला ३६५ चार वेळा एकांपासून व दोन वेळा दहांपासून लावायचे, म्हणजे अठरा वेळा टोचणी फिरवायची. सॅम्युएल मॉर्लंड यांच्या इंग्लंडमधील लहान यंत्रात (१६६६) हातचा पुढे जातच नसे. तो छोट्या चकत्यांवर मोजला जाई व शेवटी हाताने मिळवावा लागे.

लायप्निट्स यांचे पायरीदार दंडगोल : गोटफ्रीड व्हिल्हेल्म लायप्निट्स (१६४६–१७१६) यांनी १६७३ च्या आरंभी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक अपुरे यंत्र दाखवले. त्यांची कल्पना अशी की संख्या एकदाच लावावी व हँडलच्या दर फेऱ्याला ती आपोआप मिळवली जावी. त्यासाठी त्यांनी दंडगोलावर क्रमाने वाढत्या लांबीचे नऊ दाते ठेवले. त्याच्या बाजूने सरकणारे लहान दातेरी चाक ७ वर ठेवले तर एका फेऱ्यात त्याला सातच दाते लागतात. आकडे लावण्याचा भाग एका स्थानाने सरकवता येतो. त्यामुळे ३६५ × २४ साठी चार फेरे, एक सरक आणि दोन फेरे पुरतात.

हातचा मात्र येथे अधिक कठीण झाला, कारण सर्व स्थाने एकदमच फिरत असतात. फिरत्या चाकावर हातचा आला तर तो हरवतो, म्हणून तो राखून मूळ बेरजेनंतर द्यावा लागतो. लायप्निट्स यांनी ही दुसरी पायरी ठेवली. पण हातच्यामुळेच पुढचे चाक ९ वरून ० झाले, तर निर्माण होणारा नवा हातचा यंत्र पुढे नेत नसे. अशा वेळी मागील बाजूस पंचकोनी चकतीचा कोपरा वर आलेला दिसे व चालवणाऱ्याने तो हाताने ढकलायचा. टिकून असलेले यंत्र (लावण्याची ८ व उत्तराची १६ स्थाने) १८७९ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाच्या माळ्यावर मिळाले व आज हानोफर येथे आहे. ग्लासह्युट्टेचे आर्थर बुर्कहार्ट यांनी १८९० च्या दशकात ते दुरुस्त केले. यंत्र कधीच नीट चालले नाही, असा समज त्यानंतर रूढ झाला. अलीकडील काही जर्मन अभ्यासक चकत्यांची नीट जुळणी केल्यास ते बरोबर चालते, असे दाखवतात. हा पक्ष अधिक पटतो, तरी पूर्ण स्वयंचलित हातचा त्यात नव्हता, हे दोघांनाही मान्य करावे लागते.

अठराव्या शतकातील यंत्रे थोडी व एकेकटी आहेत. पादुआचे जोव्हान्नी पोलेनी (१७०९) यांनी दात्यांची संख्या बदलता येणारे चाक लाकडी यंत्रात वापरले. व्युर्टेंबेर्गचे धर्मोपदेशक फिलिप माटेउस हान यांनी १७७० नंतर गोल डब्याच्या आकाराची, खरोखर चालणारी काही यंत्रे केली.

कार्यालयात प्रवेश : शार्ल झाव्हिए तोमा (कोलमार, १७८५–१८७०) यांनी १८२० मध्ये ‘अरिथमोमीटर’चे एकस्व (पेटंट) घेतले. सुरुवातीचे यंत्र रेशमी फीत ओढून चालत असे, हँडल नंतर आले. नियमित उत्पादन १८५० च्या सुमारास सुरू झाले व १८७८ पर्यंत सुमारे १,५०० यंत्रे तयार झाली. दंडगोल लायप्निट्स यांचेच. फरक असा की येथे हातचे उजवीकडून डावीकडे क्रमाने, एकापाठोपाठ एक दिले जातात. त्यामुळे साखळी कितीही लांब असली तरी हाताने ढकलावे लागत नाही. चार्ल्स बॅबेज यांनी वैश्लेषिक यंत्राच्या आराखड्यात याउलट मार्ग घेतला. ओळीने ९ आलेली स्थाने आधीच ओळखून सर्व हातचे एकदम द्यायचे. ते यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही.

सेंट पीटर्सबर्ग येथील स्वीडिश अभियंता व्हिल्गोट ओडनर यांनी बाहेर सरकणाऱ्या नऊ दात्यांचे पातळ चाक वापरले. लांब दंडगोलांऐवजी अशी चाके एकाच आसावर लागून बसतात, म्हणून यंत्र टेबलाच्या कोपऱ्यात मावू लागले. हँडल पुढे फिरवले की बेरीज, मागे फिरवले की वजाबाकी. १८९० पासून त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. १८९२ पासून ब्राउनश्वाइग येथे निघालेले ‘ब्रुन्सव्हिगा’ याच रचनेचे.

अमेरिकेत डॉर फेल्ट यांच्या ‘कॉम्प्टोमीटर’मध्ये (एकस्व १८८७) हँडलच नव्हते, कळ दाबणे हीच बेरीज. अर्धवट दाबलेली कळ कमी दाते फिरवते, हा त्याचा उघड धोका होता व पुढील नमुन्यांत तो अडवणारी कुलुपे घातली गेली. विल्यम बरोज यांच्या छापणाऱ्या यंत्राची (एकस्व १८८८) पहिली पन्नास यंत्रे वेगळ्याच कारणाने फसली. कोणी हँडल हिसक्याने ओढे, कोणी सावकाश, आणि त्यानुसार उत्तर बदले. हिसक्याने ओढल्यावर चाके आपल्या वेगाने एखादा दाता पुढे जात. बरोज यांनी हँडल व यंत्रणा यांच्यामध्ये तेलाने भरलेले नळकांडे व दट्ट्या बसवला. आता हँडल फक्त स्प्रिंग ताणते आणि तेल छिद्रातून ठरावीक गतीने जात असल्याने यंत्रणा नेहमी त्याच वेगाने फिरते, ओढणारा कोणीही असो.